कैवारी उदंड, मजुरी डझनावर

मुंब्र्यात, कुर्ल्यात, मालवणीत, गोवंडीत दुपारची भांडी आवरली की घरोघर माल पसरतो. एवढीशी खोली. एका कडेला गॅस, दुसऱ्या कडेला गुंडाळून ठेवलेल्या गाद्या आणि मधल्या जागेत चादर अंथरून बसलेल्या दोन-तीन बायका, सोबत नुकतीच शाळेतून आलेली एक पोर. माल हंगामाप्रमाणे बदलतो. कधी कानातल्यांना हुक लावायचे, कधी टिकल्या पाकिटावर चिकटवायच्या, कधी दुपट्ट्यावर टिकी आणि कटदाणा भरायचा, कधी शिवून आलेल्या कपड्यांचे लोंबते धागे कापायचे. मजुरी डझनावर, नाहीतर ग्रोसवर. ग्रोस म्हणजे 144 नग.

"पैसे कधी मिळतात?" मी एकीला विचारलं.

"सेठ देगा तब, दीदी."

सेठ कोण, ते तिला ठाऊक नाही. दोन गल्ल्या पलीकडची एक आपा माल आणून देते आणि तयार झाला की घेऊन जाते. आपाला तो कारखानदाराकडून मिळतो, कारखानदाराला आणखी कुणाकडून. एखादा नग कमी भरला तर मजुरीतून कापला जातो. हिशेबाची वही आपाकडे. हिच्याकडे कागदाचा चिटोरादेखील नाही. धाकट्याच्या वेळी बाळंतपणानंतर किती दिवसांनी माल पुन्हा हातात घेतला, हे तिनं भाजीचा भाव सांगावा तितक्या सहज सांगितलं. कोणी नोंद करायला दारात आलं आणि बाई काय करतात असं विचारलं, की घरातला पुरुष म्हणतो, "घरीच असते." तीही तेच म्हणते.

या बाईच्या नावानं आपल्या देशात चाळीस वर्षं भांडण चालू आहे. संसदेत झालं, सर्वोच्च न्यायालयात झालं, वाहिन्यांवर रोज रात्री होतं. तिच्या तलाकावर बोलायला माणूस मिळत नाही असं कधी झालेलं नाही. तिच्या ग्रोसच्या दरावर बोलणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

शाहबानो प्रकरणच घ्या. इंदूरच्या या बाईचं प्रकरण म्हटलं की शरियत, व्होट बँक, समान नागरी कायदा हेच आठवतं. मुळात तो खटला पोटगीचा होता. 43 वर्षांच्या संसारानंतर वकील नवऱ्यानं 1975 मध्ये घराबाहेर काढलं, तेव्हा ती पाच मुलांची आई होती. 1978 मध्ये, वयाच्या 62 व्या वर्षी, ती कोर्टाची पायरी चढली. दंडाधिकाऱ्यांनी महिना 25 रुपये ठरवले. मध्य प्रदेश उच्च न्यायालयानं ते 179 रुपये 20 पैसे केले आणि 23 एप्रिल 1985 रोजी सर्वोच्च न्यायालयानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. त्या 179 रुपये 20 पैशांवरून देश पेटला. 1986 मध्ये संसदेनं नवा कायदा करून निकालाची धार बोथट केली आणि समाजाच्या दबावाखाली त्या म्हातारीला स्वतःच जिंकलेला निकाल नाकारावा लागला. एवढ्या रकमेत तेव्हा एका म्हाताऱ्या बाईचा महिना निघत होता का, हा प्रश्न त्या गदारोळात कुणाला सुचला नाही.

तलाकाविरुद्धचा लढा खरा होता आणि आहे. महाराष्ट्रानं तो सगळ्यांच्या आधी सुरू केला, याचा मला अभिमान वाटतो. चिपळूणजवळच्या मिरजोळीच्या हमीद दलवाईंनी 18 एप्रिल 1966 रोजी मुंबईत सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा विधानभवनावर नेला. सात बायका फक्त, पण मागणी स्वच्छ होती. 1970 मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ उभं राहिलं. त्यातला सय्यदभाईंसारखा माणूस दगडावर पेरणी करत राहिला. मे 2002 मध्ये औरंगाबाद खंडपीठात मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं लातूरच्या दगडू पठाण आणि रहीमबी यांच्या खटल्यात सांगितलं, की नुसतं 'मी तलाक दिला' म्हणून भागणार नाही. तलाकाला सबळ कारण होतं, आधी दोन्हीकडच्या माणसांनी समेटाचा प्रयत्न केला होता, हे नवऱ्यानं पुराव्यानं सिद्ध केलं पाहिजे. एका दमातला तिहेरी तलाक रद्द करणारा सर्वोच्च न्यायालयाचा शायरा बानो निकाल आला 22 ऑगस्ट 2017 ला. म्हणजे लातूरची रहीमबी दिल्लीच्या पंधरा वर्षं पुढे होती. मराठवाड्यातल्या किती जमातींनी हा निकाल आपल्या बायकांना वाचून दाखवला? किती आमदारांनी तो छापून वाटला? वाटला असता तर कित्येक मुलींना तेव्हाच कळलं असतं, की टपालानं आलेला तलाकाचा कागद म्हणजे संसाराचा शेवट नव्हे.

मग 2019 चा कायदा आला. एका दमात तलाक देणाऱ्या नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद. बायको-मुलांना निर्वाहभत्ता मिळेल असंही त्यात लिहिलं आहे. पण तो द्यायचा नवऱ्यानं, आणि नवरा आत. रिक्षा चालवणारा, यंत्रमागावर राबणारा माणूस तुरुंगातून भत्ता कसा देणार, याचं उत्तर कायद्यात नाही. तलाक हा शब्दही न उच्चारता बायकोला माहेरी सोडून जो परत फिरकत नाही, त्याला हा कायदा शिवतही नाही. टाकलेल्या बायकांचं दुःख मुसलमानांत आहे तसंच मराठ्यांत, माळ्यांत, धनगरांत आहे. तिथं कुणी नवऱ्याला तुरुंगात घालायची भाषा करत नाही. एका धर्माच्या नवऱ्याला कैद आणि बाकीच्यांना मोकळीक, याला मी न्याय म्हणणार नाही.

बाईच्या खरोखर उपयोगाच्या गोष्टी जरा शांतपणे झाल्या आहेत, म्हणून सांगते. घरगुती हिंसाचाराचा 2005 चा कायदा सर्व धर्मांच्या बायकांना लागू आहे. घरात राहण्याचा हक्क, खर्चाची रक्कम, संरक्षण, सगळं त्यात मागता येतं. 10 जुलै 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की घटस्फोटित मुस्लिम स्त्री सर्व धर्मांना लागू असलेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 खालीही (आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 144) पोटगी मागू शकते. आणि वकिलाच्या फीचं भय वाटत असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं. ते जिल्हा न्यायालयातच असतं. स्त्रीला तिथं मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. हे तीन-चार मुद्दे शुक्रवारच्या खुत्ब्यात सांगायला पाच मिनिटं पुरतील.

आता पुन्हा मजुरीकडे. मुस्लिम समाजाच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या सच्चर समितीनं 2006 मध्येच सांगून ठेवलं होतं, की काम करणाऱ्या मुस्लिम स्त्रियांपैकी 70 टक्के घरात बसूनच काम करतात. सर्व समाजांचं मिळून हे प्रमाण तेव्हा 51 टक्के होतं. याला बुरखा एवढंच कारण देऊन लोक मोकळे होतात. खरी कारणं वस्तीत फिरलं की दिसतात. कारखाना लांब, लोकलची गर्दी, घरात म्हातारं माणूस, पाळणाघर नाही, रात्री परतताना रस्त्यावर दिवा नाही. जी वस्ती 1992-93 च्या दंगलीनंतर भीतीपोटी वाढली, तिथल्या बाईला कामासाठी बाहेर पाठवताना घरच्यांच्या मनात काय येतं, ते मुंब्र्यातल्या कोणत्याही साठीच्या आजीला विचारा. त्यात मुसलमान म्हटलं की दुसरीकडे भाड्यानं घर मिळत नाही. दलाल आधी नाव विचारतो आणि मग जागा गेली म्हणून सांगतो. आपल्या गृहनिर्माण संस्थांच्या सभांत हे ठराव न करताच ठरलेलं असतं. ज्यांनी तिथं तोंड उघडलं नाही, त्यांनी मुस्लिम स्त्रीच्या मागासलेपणावर बोलू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

घरात बसून केलेलं काम म्हणजे कामच नव्हे, असं कायदा मानत नाही. 1948 च्या किमान वेतन कायद्यानं मालकाकडून माल घरी नेऊन काम करणाऱ्यालाही कामगार म्हटलं होतं. 1966 च्या विडी कायद्यानं घरी विड्या वळणाऱ्या बायकांची नोंद घ्यायला लावली. सोलापूरच्या आणि निपाणीच्या विडी कामगार बायका त्या नोंदीच्या जोरावर संघटित झाल्या, भांडल्या, मजुरी वाढवून घेतली. मग कानातल्याला हुक लावणाऱ्या बाईची नोंद का होत नाही? तिचाही मालक आहे. तिच्या मालाचीही विक्री होते, त्यावर करही बसतो. फक्त साखळीत तिच्यापर्यंत येईतो मालकाचं नाव पुसलेलं असतं. ते नाव शोधून काढणं हे कामगार खात्याचं काम आहे. आपापासून सुरुवात केली तर तीन उंबऱ्यांत सेठ सापडेल. महिन्याला अनुदानाची रक्कम खात्यावर टाकणं सरकारला सोपं जातं. ती रक्कम बाईला मिळावीच. पण तिच्या घामाचा दर ठरवून मिळणं हा तिचा हक्क आहे आणि तो निवडणुकीच्या तारखेवर अवलंबून नसतो.

कागदांचंही असंच. ही गोष्ट मला सगळ्यात जास्त छळते, म्हणून जरा विस्तारानं सांगते.

जुलै 2024 मध्ये राज्य सरकारनं व्यावसायिक अभ्यासक्रमांना जाणाऱ्या मुलींची फी माफ केली. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना पूर्ण माफी. निर्णय उत्तम आहे. महाराष्ट्रातले बागवान, तांबोळी, अत्तार, मणियार, पिंजारी, मोमीन हे सगळे ओबीसीच्या यादीत आहेत. म्हणजे बागवानाच्या मुलीला फार्मसीला किंवा इंजिनीअरिंगला फी पडायला नको. तिनं फक्त जातीचा दाखला आणायचा. ती सेतू केंद्रात जाते. खिडकीतला माणूस शाळा सोडल्याचा दाखला पाहतो. जातीच्या रकान्यात लिहिलंय 'मुस्लिम'. बापाच्या दाखल्यावर 'मुसलमान'. आजोबा शाळेतच गेले नाहीत. ओबीसीसाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो. फळांच्या गाड्यावर तीन पिढ्या घालवलेल्या घराकडे 1967 पूर्वीचा कोणता कागद असणार? एखाद्या मास्तरानं पन्नास-साठ वर्षांपूर्वी रकान्यात धर्म लिहिला, जात विचारलीच नाही. त्याची किंमत आज नात भरते. बाप दोन खेपा घालतो, तिसऱ्या खेपेला गाडा बंद ठेवावा लागणार म्हणून कंटाळतो. प्रवेशाची मुदत संपते. त्या वर्षी घरात मुलीच्या लग्नाचं बोलणं सुरू होतं.

हे थांबवता येण्यासारखं आहे. तहसीलदारांनी शाळेच्या सुट्टीत मोहल्ल्यात शिबिर लावावं, जमातीच्या जुन्या नोंदी, नातलगांचे मिळालेले दाखले, गृहचौकशी यांचा आधार घ्यावा. गृहचौकशीची पद्धत आहेच, ती वापरायची इच्छा हवी. आणि जमातींनीही कबरस्तानच्या भिंतीसाठी जशी वर्गणी काढतात, तसा एक माणूस या कागदांच्या कामाला नेमावा.

सरकारच्या हेतूबद्दल शंका यावी असंही बरंच घडलं आहे. 2014 मध्ये राज्यानं वटहुकूम काढून मुस्लिम समाजातल्या मागास घटकांना 5 टक्के आरक्षण दिलं. उच्च न्यायालयानं त्यातल्या नोकरीच्या भागाला स्थगिती दिली, पण सरकारी शिक्षणसंस्थांतल्या जागांचा भाग चालू ठेवला होता. मधल्या काळात सरकार बदललं होतं, आणि नव्या सरकारनं वटहुकूम संपू दिला. न्यायालयानं चालू ठेवलेलं सरकारनं सोडून दिलं. केंद्रात 2022 मध्ये अल्पसंख्याकांच्या पहिली ते आठवीच्या मुलांची शिष्यवृत्ती बंद झाली, त्याच वर्षी संशोधनासाठीची मौलाना आझाद फेलोशिपही. शिष्यवृत्तीत 30 टक्के वाटा मुलींसाठी राखीव होता. लहान वर्गांना वर्षाला मिळणारी रक्कम हजाराच्या घरातली, पण तेवढ्यात वह्या येत, दप्तर येई, आणि मुलीच्या नावानं बँकेत खातं उघडे. सर्व उच्च शिक्षणात मुस्लिम विद्यार्थ्यांचा वाटा 2019-20 मध्ये 5.5 टक्के होता, 2020-21 मध्ये तो 4.6 वर आला. लोकसंख्येतला वाटा 14 टक्के. बेटी पढाओ म्हणणाऱ्या सरकारनं हे आकडे समोर ठेवून सांगावं, की नेमकी कोणाची बेटी?

हिजाबबद्दल एवढंच. मला बुरखा आवडत नाही. कुठल्याच मुलीनं तोंड झाकून जगावं असं मला वाटत नाही. पण 2024 मध्ये चेंबूरच्या एका महाविद्यालयानं हिजाबला मनाई केली आणि उच्च न्यायालयानं मुलींची याचिका फेटाळली, तेव्हा मी त्या मुलींच्या बाजूनं होते. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं हिजाबवरच्या बंदीला स्थगिती दिली, ते बरं झालं. फाटक बंद केल्यानं डोक्यावरचा रुमाल उतरत नाही. मुलगी घरी परत जाते, आणि तिला घरीच ठेवायला टपलेल्या काकाला आयतं कारण मिळतं. शिकलेली मुलगी रुमालाचं काय करायचं ते स्वतः ठरवील. तिला आधी आत तर येऊ द्या.

मुंब्र्यात 'परचम' नावाच्या गटानं मुलींची फुटबॉल टीम उभी केली. हिजाब घातलेल्या आणि न घातलेल्या, दोन्ही मुली एकत्र खेळल्या. मुलींना खेळायला मैदान मिळावं म्हणून त्यांनी घरोघर फिरून सह्या गोळा केल्या. त्या सह्यांसाठी दारं ठोठावताना त्या मुलींनी आपल्याच मोहल्ल्यातल्या पुरुषांशी जे वाद घातले असतील, त्यांतून जे साधलं ते दहा परिसंवादांनी साधलं नसतं.

समाजाला मी सोडणार नाही. धर्मानं बाईला जे दिलं, तेही तुम्ही तिच्या हातात पडू देत नाही. निकाहात बायकोला द्यायचा मेहर हे नवऱ्यावरचं कर्ज आहे. निकाहनाम्यात ते 786 रुपये लिहिता, नाहीतर मोठा आकडा लिहून 'नंतर' म्हणून ठेवता. ते 'नंतर' नवऱ्याच्या जनाज्यापाशी येतं. मयत अंगणात, बाई भिंतीला टेकलेली, आणि नात्यातली कोणी तरी वाकून कानाशी पुटपुटते, "मेहर माफ कर दे, बेटा." त्या क्षणी कुठली बाई नाही म्हणेल? बापाच्या इस्टेटीत मुलीचा वाटा कुराणानं ठरवून दिला आहे. भावांनी तो कागदावर सोडवून घेतला की मौलवी गप्प, जमात गप्प, आणि बहिणीच्या वाट्याला ईदची साडी. यात हिंदू भाऊ काही वेगळे वागतात असं नाही. पण शरियतमध्ये बोटही घालू देणार नाही म्हणून रस्त्यावर येणाऱ्यांनी शरियतनं दिलेला वाटा तरी बहिणीला पोहोचवावा. शाहबानोच्या विरोधात लाखोंचे मोर्चे निघाले. मेहर बुडवणाऱ्याच्या विरोधात एकही निघालेला मी पाहिला नाही. जमातीच्या बैठकीत बायका बसत नाहीत तोवर निघणारही नाही.

रमजान ईद झाली की शव्वाल महिन्यात लग्नांची घाई सुरू होते. हॉल ठरतात, बिर्याणीच्या देगा ठरतात. निकाहनामा मात्र ऐन वेळी काझीसाहेबांच्या बॅगेतून निघतो आणि मुलीपुढे सहीपुरता सरकवला जातो. तो मुलीच्या बापानं आठ दिवस आधी मागून घ्यावा. मुलीनं स्वतः वाचावा. उर्दू येत नसेल तर काझींनी मराठीत समजावून द्यावा. मेहर घराच्या हिश्श्याच्या, सोन्याच्या किंवा बँकेतल्या ठेवीच्या रूपात मागावा आणि शक्य तेवढा लग्नातच चुकता करून घ्यावा. गरज पडली तर स्वतः तलाक घेण्याचा अधिकार नवरा बायकोला निकाहनाम्यातच देऊ शकतो. त्याला तफवीज म्हणतात, हनफी कायद्यात तो मान्य आहे आणि त्यासाठी संसदेत जावं लागत नाही, चार ओळी लिहाव्या लागतात. मुलाकडचे नाराज होतील, म्हणतील लग्नाआधीच तलाकाची भाषा. त्यांना म्हणावं, देण्याघेण्याची यादी केली तेव्हा सगळं बोललोच ना, मग हेही बोलू. काझी अडून बसले तर दुसरे काझी बघावेत. आणि लग्नाची नोंद नगरपालिकेत त्याच आठवड्यात करावी, नोंदीची एक प्रत मुलीच्या आईच्या कपाटात ठेवावी.